रिकामं परत गेलेलं पातेलं

आमच्या घरात त्या काळी दोनच ऋतू होते, संत्र्याचा आणि बिनसंत्र्याचा. काटोल-नरखेडकडून मालाचे ट्रक नागपूरच्या बाजारात उतरू लागले की आई छाटणीला जायची. डोंगराएवढ्या ढिगासमोर बसून मोठं संत्रं एकीकडे, मधलं एकीकडे, बारीक एकीकडे करायचं आणि पेटीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालून भरायचं. सालीच्या तेलानं तिच्या बोटांची कातडी सोलून निघायची. जखमेवर मीठ लागू नये म्हणून ती भाकर नुसतीच खायची. बाजार थंडावला की ती बांधकामावर रेजा म्हणून घमेली वाहायची. बाबा कापडगिरणीत पिंजणखात्यात होते. कापसाचा भुरा वीस वर्षं छातीत गेला आणि मी सातवीत असताना त्यांचं काम सुटलं. त्यानंतर ते अंगणातल्या बाजेवर बसून असायचे. खोकल्याची उबळ आली की बाजेचा काठ घट्ट धरायचे.

जेवण म्हणजे ज्वारीच्या कण्या. ताक असलं तर ताकात, नसलं तर मिठाच्या पाण्यात. धाकटा भाऊ विचारायचा, "आज काय केलं वं माय?" आई म्हणायची, "काल केलं होतं तेच." त्यावर बाबा हसायचे, हसताना खोकायचे आणि मग कोणीच हसायचं नाही.

आमच्या घरात मी वाचायला शिकलेली पहिली. बाबांना सही यायची, आईला तीही नाही. आई-बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. त्या दिवशीचं मला एवढंच आठवतं की बाबांनी मला खांद्यावर बसवलं होतं आणि सगळीकडे पांढरे कपडे होते. पोरींना शिकवायचं हे आईनं तेव्हाच ठरवलं, असं ती सांगायची. पण तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या मामाचं, वेगळं ठरलं होतं. नरखेडजवळच्या एका गावात त्यानं माझ्यासाठी स्थळ पाहून ठेवलं होतं. घरची विहीर, थोडी संत्र्याची झाडं. मी नववीत गेले तेव्हा तो येऊन बसला.

"पाह्य बाई," तो आईला म्हणाला, "जावईबुवांची तब्येत अशी. पोरगी मॅट्रिक पास झाली, त बोलत नाही मी, शिकव. नापास झाली त मले दे. दुसऱ्यांदा परीक्षेले बसवाचं नाही."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "कबूल."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की गणितात मी पास होणं शक्य नाही. पण त्या वेळी माझ्या गणिताला एक आधार मिळालेला होता. तो मामाला माहीत नव्हता आणि गल्लीत तर कोणालाच माहीत नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाखाली, एक खोली होती. तिला ओटा होता, दार होतं, पण ते दार उघडं कोणी पाहिलेलं नव्हतं. आत मास्तर राहायचे. गवळी दारातल्या भांड्यात दूध ओतून जायचा. किराणावाला आठवड्याचं सामान ओट्यावर ठेवून कडी वाजवायचा. गल्ली त्यांना 'दारबंद मास्तर' म्हणायची. कोणी म्हणे त्यांनी बायकोला मारलं, कोणी म्हणे सरकारचा पैसा खाल्ला, कोणी म्हणे आत सोनं आहे. आमच्या समोरची काकू म्हणायची, "सोनं असतं त छप्पर नसतं शाकारलं काय?" एवढा एकच शहाणपणाचा शब्द त्या विषयावर मी ऐकला.

मी आठवीत होते त्या मे महिन्यात आई नळावरून आली आणि घागर न उतरवताच म्हणाली, "अवं, मास्तरच्या दारातलं दूध कालचं तसंच आहे. नासलं."

बाबा म्हणाले, "गेला असंन कुठं."

"बारा वर्सं कुठं गेला नाही, तो या उन्हात कुठं जाते?"

तिनं पातळ आंबील केली, त्यात कांदा चिरून घातला आणि आमच्या लहान पितळी गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, ओतून झाकण ठेवलं. "जाय, ओट्यावर ठेव अन् कडी वाजव. थांबू नको." मी ठेवलं, कडी वाजवली आणि पळत आले. तासाभरानं ओट्यावर गंज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या उंबऱ्याजवळ होता, रात्री कोणी न पाहता आणून ठेवलेला. राखेनं घासून असा लख्ख केलेला की आईनं तो आधी ओळखलाच नाही. आत कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा होता.

"चांगल्या घरचा मानूस आहे," आई म्हणाली. "भांडं रिकामं नाही धाडलं."

कोणाच्या घरून भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत आमच्याकडे मीठ-मिरचीसारखी होती. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, तीही नसली तर झाडाचं लिंबू. आईनं त्यानंतर दर रविवारी गंज पाठवायला सुरुवात केली. रविवारी भाजी होत असे म्हणून रविवार. दर सोमवारी गंज परत यायचा, गुळासकट.

गूळ भाऊ खायचा. कागद मी ठेवायचे, कारण घरात कोरा कागद दिसला की मी तो ठेवूनच द्यायचे. तिसऱ्या सोमवारचा कागद उलगडला तर त्यावर एक समीकरण अर्धवट सोडवलेलं होतं. अक्षरं मोठी आणि वेडीवाकडी, एखादं पोरगं शिकत असावं तशी. मला वाटलं, रद्दीच असेल. पण त्या वर्षी सहामाहीला मी बीजगणितात नापास झाले होते आणि ते उदाहरण आमच्या पुस्तकातल्या सारखंच होतं. मी पुढच्या चार ओळी लिहिल्या आणि येत्या रविवारी तो कागद गंजाच्या झाकणाखाली ठेवला. का ठेवला, ते आजही नीट सांगता येत नाही.

सोमवारी तोच कागद परत आला. माझ्या तिसऱ्या ओळीपुढे एक ठिपका होता. बाकी काही नाही. उत्तर नाही, बरोबर-चूक नाही, फक्त ठिपका. मी तीन दिवस त्या ओळीकडे बघत होते. चौथ्या दिवशी, भांडी घासताना, मला कळलं की चिन्ह बदलायचं राहिलं आहे.

असं तीन वर्षं चाललं. मी मास्तरांचा चेहरा पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. पण ते कसे आहेत ते मला ठाऊक होतं. ते कडक होते. एकदा मी वर्गातल्या मुलीच्या वहीतून उतरवून उत्तर पाठवलं. सोमवारी गूळ आला, कागद आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मग मी स्वतः सोडवलेलं चुकीचं उदाहरण पाठवलं, तेव्हा ठिपक्यांनी भरून कागद परत आला. चुकलेलं त्यांना चालत होतं.

बाबांना या देवाणघेवाणीची फार मजा वाटायची. "आपल्या घरी भाजीत तेल कमी अन् गणित जास्त झालं," ते म्हणायचे. कागद आला की मला बाजेजवळ बसवायचे. "वाच." त्यांना काहीएक कळायचं नाही. डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "मंग? किती ठिपके?"

"दोन."

"मागच्या हप्त्यात तीन होते. कमी होऊन राहिले."

मी अकरावीत होते. तेव्हा मॅट्रिक अकरावीलाच असे आणि परीक्षा मार्चमध्ये. जानेवारीत, थंडीच्या एका दुपारी, बाबा बाजेवरच गेले. आई बाजारात होती. तिला बोलवायला भाऊ धावत गेला. ती आली तेव्हा तिच्या लुगड्याला तणस चिकटलेली होती आणि ती कोणी काढली नाही.

आमच्यात जुने विधी सोडले होते. बाबांना पांढऱ्या कपड्यात नेलं, वंदना झाली, तेरावं-बिरावं काही नाही. पण घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी अन्न आणायचं, हे राहिलं होतं. ते बरंच होतं, कारण आईच्यानं उठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगणात बायका बसलेल्या होत्या. बोलणं चालू होतं. ते एकदम थांबलं. मी वर पाहिलं.

मास्तर गल्लीतून येत होते.

दुपारची वेळ होती, सगळ्यांची दारं उघडी होती. अंगावर शाल, पांढरी दाढी, मान खाली. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात त्यांनी खिचडी आणली होती. पातेलं त्यांनी दोन्ही मनगटांमध्ये धरलं होतं, कारण त्यांची बोटं आत वळलेली होती. काही बोटं अर्धीच होती. आपल्या त्या हातांनी त्यांनी चूल पेटवली होती, तांदूळ निवडले होते. तीन वर्षं मला ठिपके काढून दिले होते ते याच हातांनी. अक्षरं वाकडी का, ते मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी पातेलं उंबऱ्याजवळ ठेवलं. आईसमोर ते हात जोडू पाहत होते, ते नीट जुळेनात. मग ते वळले आणि चालत परत गेले. बायका सरकून बसल्या. समोरची काकू पदर नाकाशी धरून म्हणाली, "बाप्पा, महारोग आहे याले."

आईनं ते पातेलं ओढलं, आम्हा दोघांना ताटात वाढलं आणि स्वतः खाल्लं. सगळ्यांच्या देखत. बाकी कोणी हात लावला नाही.

चार दिवसांनी आईनं पातेलं घासलं. मला म्हणाली, "मी जाऊन येतो." ती स्वतः गेली, ओट्यावर पातेलं ठेवलं, कडी वाजवली आणि आली. मी पाहिलं होतं, पातेलं रिकामं होतं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आईच्या माहेरच्या गावात मरणाच्या घरातून भांडं रिकामंच परत करतात. भरून दिलं तर दुःख त्या भांड्यातून समोरच्याच्या घरी जातं, म्हणतात. धर्म बदलला तरी असल्या दोन-चार गोष्टी तिच्या हाताला चिकटून होत्या. मास्तरांच्या घरी आपलं दुःख जाऊ नये एवढंच तिच्या मनात होतं.

रविवारी आईनं भाजी केली. मी कागद ठेवला. एक मोठं वर्गसमीकरण होतं, माझं अडलेलं. गंज ओट्यावर ठेवून आले. सोमवारी गंज आला नाही. मंगळवारी मी पाहिलं तर तो ओट्यावर तसाच होता, मी ठेवला तिथंच. झाकण कावळ्यांनी पाडलं होतं. भाजी वाळली होती आणि माझा कागद तेलानं भिजला होता. दारातलं दूध मात्र आत गेलेलं होतं. म्हणजे ते होते.

पुढच्या रविवारीही तेच. परीक्षेला सहा आठवडे राहिले होते. मला एकटीला ठिपका कुठे द्यायचा ते समजत नव्हतं. मामाचा निरोप आला होता की निकाल लागला की पाहुणे येतील.

नळावर मी रांगेत उभी होते तेव्हा समोरची काकू कौतुकानं म्हणाली, "तुह्या मायनं बरं केलं वं. त्याचं भांडं तसंच रिकामं नेऊन आपटलं. आता समजलं त्याले, कोनी त्याच्या हातचं घेत नाही म्हनून."

मी घागर तिथंच ठेवून घरी आले आणि आईला सांगितलं. आई भाकर थापत होती. तिचा हात थांबला. परातीत तसाच राहिला.

"असं म्हनली ती?"

"हो. आणि मास्तरांनाही तसंच वाटलं असणार. ते हात दाखवून गेले आणि आपण भांडं रिकामं दिलं."

 मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तिनं आधी कधी सांगितली नव्हती. ती लहान असताना, ज्यांच्या मळ्यात तिचे आई-बाप काम करायचे, त्या घरी ती लोटा घेऊन ताक मागायला जायची. मालकीण वरून ओतायची, आपलं भांडं लोट्याला लागू नये म्हणून. एकदा लागलं. मालकिणीनं आपलं भांडं तिथंच टाकून दिलं. चांगलं, नवं भांडं. "मले राग नाही आला," आई म्हणाली. "मले वाटलं, माह्या हातालेच काही लागलं आहे. मी नाल्यावर जाऊन हात घासत होती." आणि मग, हात परातीतच ठेवून ती म्हणाली, "तेच मी या मानसाले केलं."

तिनं हात धुतले नाहीत. पिठाच्या हातानं उठली आणि मास्तरांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. मी मागं होते.

"मास्तर," ती दाराला म्हणाली, "मी पोरीची माय. आमच्यात मरणाच्या घरातून भांडं भरून देत नाहीत. भरून दिलं त दुःख तुमच्या घरी येते. म्हनून रिकामं ठेवलं. दुसरं काही नव्हतं मनात."

तिनं पुन्हा कडी वाजवली.

"तुमची खिचडी मी खाल्ली. पोरांनी खाल्ली. मीठ कमी होतं."

 मग दाराच्या अगदी मागून, जमिनीच्या उंचीवरून, आवाज आला. ते आत दाराला टेकून बसलेले असावेत. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. घोगरा, पण शब्द स्वच्छ, शाळेतले.

"मला वाटलं होतं, बाई, की..."

"काय वाटलं ते मले माहीत आहे," आई म्हणाली. "मी त्याच वाटन्यात मोठी झाली."

 मग त्यांनी विचारलं, "परीक्षा कधी आहे तिची?"

दार त्यांनी उघडलं नाही. म्हणाले, आता उघडायचं नाही, एकदा उघडलं त्याचा परिणाम पाहिला. पण रोज शाळेनंतर मुलीनं ओट्यावर बसावं आणि गणित मोठ्यानं, ओळ न् ओळ बोलून सोडवावं. कागदाला आता वेळ नाही.

त्याप्रमाणे मी बसू लागले. लिंबाची पानं वहीवर पडायची. मी म्हणायचे, "दोन्ही बाजूंना चारने भागून..." चूक झाली की आतून येई, "मागची ओळ वाच." बरोबर असलं की काहीच येत नसे. सुरुवातीला मला त्या गप्प राहण्याची भीती वाटे, मग त्याचीच वाट पाहू लागले. गल्लीतली पोरं लांबून चिडवायची, "दाराशी बोलून राहिली, दाराशी बोलून राहिली." मी लक्ष दिलं नाही. खोटं कशाला सांगू, एकदा दिलं आणि एकाला वहीनं मारलं. आतून आवाज आला, "वही फाटली का?"

त्यांनी स्वतःबद्दल एकदाच सांगितलं. भूमितीचं प्रमेय चाललं होतं आणि मी थकून थांबले होते. ते म्हणाले, "मी फळ्यावर शिकवायचो तेव्हा खडू हातातून पडायला लागला. मुलं हसायची, मीही हसायचो. मग बोटं वाकली. मग हसणं थांबलं." पुढे म्हणाले, "रोग केव्हाच गेला आहे. दवाखान्याचा कागद आहे माझ्याजवळ. हात तेवढे तसेच राहिले. चल, कोन अ, ब, क."

गल्लीनं त्यांचे हात पाहिले होते, आता गल्लीला चैन पडेना. नळाचं पाणी, लेकरं, हवा, सगळ्याची भीती वाटू लागली. मास्तरांना गल्लीतून हलवावं, असा महापालिकेला अर्ज करायचा ठरला. चार माणसं आमच्या घरी आली. त्यात बाबांना खांदा देणारेही होते. ते आमचेच लोक होते, हे मी लपवत नाही. आम्हाला कोणी कधी असंच वेशीबाहेर ठेवलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

एक जण मला म्हणाला, "तुहं अक्षर चांगलं आहे. तूच लिही."

"मी नाही लिहीत."

"काहून?"

"त्यांच्याजवळ कागद आहे, रोग गेल्याचा."

"कागदानं बोटं येतात काय वापस?"

आईनं अंगठा दिला नाही. "तुमचा हा भाऊ गेला तवा त्यानं खिचडी आनली," ती म्हणाली, "तुमच्या बाया बसल्या होत्या, खाल्ली नाही. आता अर्ज घेऊन येता." ते उठून गेले. अर्ज दुसऱ्या कोणी तरी लिहिला. आम्ही दोघी बाया, एक भाऊ लहान. आम्ही अडवू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर कसं अडवायचं हे आम्हाला माहीतही नव्हतं.

मार्चमध्ये इंग्रजीचा पेपर झाला आणि गणिताच्या आधी दोन दिवस सुट्टी होती. पहिल्याच दिवशी सकाळी गाडी आली. दोन माणसं उतरली आणि दार ठोठावलं. मास्तरांनी आतून कागद बाहेर सरकवला, दाराखालून. एकानं तो वाचला आणि म्हणाला, "बरोबर घ्या, तिथं दाखवा." मग म्हणाला, "उघडा, नाहीतर आम्हाला तोडावं लागेल."

दार उघडलं. मी आत पाहिलं. एक चूल, एक चटई, पुस्तकांचे दोन ढीग. कागदांचा एक गठ्ठा खिळ्याला दोरीनं बांधून टांगलेला. मी पाठवलेल्या प्रत्येक उदाहरणाची त्यांनी दुसरी प्रत करून ठेवली होती, त्या वाकड्या अक्षरांत.

गल्ली दोन्ही बाजूंना उभी होती, हात-हात अंतरावर. आई पुढे झाली आणि त्यांच्या काखेतलं गाठोडं घेतलं. दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. ते म्हणाले, "बाई, नको." ती म्हणाली, "चला, पायरी आहे." गाडीपर्यंत ती तशीच धरून चालत गेली.

गाडीत बसताना त्यांनी मला विचारलं, "पेपर परवा ना?"

"हो."

"एखादं सुटलं नाही तर त्याच्यावर बसून राहू नको. सोड आणि पुढचं घे. तुझी ती खोड आहे."

 मी "हो सर" म्हटलं. गाडी गेली.

दोन दिवसांनी मी गणिताचा पेपर दिला. चौथं उदाहरण सुटलं नाही. मी ते सोडलं आणि पुढचं घेतलं.

निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले, गणितात वर्गातल्या मुलींत सगळ्यांत जास्त. मामा आला, पेढा खाल्ला, म्हणाला, "बोललो होतो, बोलत नाही." आणि नरखेडची बस धरून गेला. तो शब्दाला जागला, एवढं त्याचं मानते.

आई आणि मी मास्तरांना सांगायला निघालो. ज्या ऑफिसातून गाडी आली होती, तिथं गेलो. कारकुनानं रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि विचारलं, "नाव?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

"मास्तर," आई म्हणाली.

"अहो, नाव सांगा. नाव, आडनाव."

आम्हाला माहीत नव्हतं. तीन वर्षं दर रविवारी आमची भाजी त्यांच्या घरी गेली, त्यांचा गूळ आमच्या घरी आला, त्यांनी माझी एकेक ओळ तपासली आणि मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं. मास्तर म्हणजे मास्तर. कारकून म्हणाला, मार्चमध्ये बऱ्याच जणांना पाठवलं, वेगवेगळ्या ठिकाणी. वय सांगा. तेही माहीत नव्हतं. घरमालक इतवारीत राहायचा, त्याच्याकडे गेलो. त्याचा मुनीम म्हणाला, "आम्ही पावती 'मास्तर, टोकाची खोली' अशीच फाडायचो." गवळ्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. किराणावाला म्हणाला, "त्यानं कधी नाव सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. चिठ्ठीवर सामान लिहून ठेवायचा, बस."

रोग्यांची एक वसाहत शहराबाहेर होती, तिथं एसटीनं गेलो. फाटकावर आईनं त्यांचं वर्णन सांगितलं. पांढरी दाढी, वाकडी बोटं. फाटकावरचा माणूस चांगला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, इथं सगळ्यांचीच वाकडी आहेत." त्यानं आम्हाला आत नेलं, ओळीनं दाखवलं. त्यांत ते नव्हते. दुसऱ्या वसाहतीतही नव्हते. आई त्यानंतर दोन-तीन वर्षं बाजारात बाहेरगावच्या ट्रकवाल्यांना विचारत राहिली, तिकडे कुठे गणित शिकवणारा म्हातारा आहे का म्हणून. कोणाला माहीत नव्हतं.

गाडी गेली त्याच दिवशी दुपारी खोली धुऊन काढली होती. पुस्तकं आणि कागद लिंबाखाली जाळले. मी अभ्यासाला बसले होते, मला धूर आला आणि मला वाटलं कोणी पालापाचोळा जाळत असेल. ही गोष्ट मी अजूनही अधूनमधून स्वतःलाच सुनावते. मी उठून पाहायला हवं होतं.

ते कुठे गेले, किती जगले, मी पास झाले हे त्यांना कधी कळलं का, यातलं काहीही मला माहीत नाही. त्यांचं नाव आजही माहीत नाही.

मी कॉलेजात गेले. आई छाटणी करत राहिली, मी सकाळी शिकवण्या घेत राहिले. कॉलेजात गणितात एकदा मी मागं पडले, एकदा प्राध्यापकांनी विचारलं की तुमच्यातल्या मुली हा विषय कशाला घेतात, आणि मी उत्तर न देता पुढचं उदाहरण सोडवलं. चार वर्षांनी मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणाजवळही पदवी नव्हती.